हजेरीतलं नाव

भांडुप,
सोमवार, १९ ऑगस्ट २०२४

सुनंदाताईंना मालनचा जयभीम.

सम्यक कॉलेजात नीट जातो, माझा गुडघाही बरा आहे. आता खरी बातमी. आपली सहकारी शिवणसंस्था वाचली. सकाळी चहा एवढा गोड लागला, की साखर घालायची राहिली हे नंतर लक्षात आलं.

एक व्यापारी आपलं दुकान, मशिनी, सगळं भाड्याने मागत होता. आम्ही मेंबरांनी त्याच्याकडे पगारावर राहायचं. काल वार्षिक सभेत त्यावर मतदान होतं. भाड्याने द्यायच्या बाजूचा विद्याधर म्हणाला, "माझे शेअर सगळ्यांत जास्त, माझं जरा ऐका ना."

मी उठले. डाळ शिजेस्तोवर संस्थेच्या उपविधींचं, नियमांचं पुस्तक वाचून वाचून पाठ झालंय माझं. म्हटलं, "शेअर कितीही असू देत रे, मत प्रत्येकाला एकच. आज गणवेशाचा भाव आपण ठरवतो, नफ्याचं काय करायचं तेही आपणच. उद्या सगळं तो व्यापारी ठरवणार." टाळ्या वाजल्या, ताई. माझ्यासाठी.

हात वर झाले. माझा सोडला तर दोन्हीकडचे सारखेच होते. तेवढ्यात विद्याधरच्या बाजूचा माणिक म्हणाला, "वहिनी, हात खाली घ्या. मेंबर कुंडलिक आहे. मेलेला माणूस मत देत नाही."

खरं होतं ते. तुम्हाला कधी सांगितलं नाही. हे गेल्यावर वारस म्हणून यांचा शेअर मी नावावर करून घ्यायचा होता. घेतला नाही. आमची सेक्रेटरी नीलम दर सभेला सवयीने यांचंच नाव पुकारते आणि मी "हजर" म्हणते. वर्षातून एकदा कुणीतरी यांना हाक मारतं. ती मला हवी होती.

नीलम जवळ येऊन म्हणाली, "काकी, कमिटी इथेच बसलीय. आत्ता ठराव करून तुम्हाला मेंबर करता येईल. पण मग काकांचं नाव कमी होणार."

सगळे माझ्याकडे बघत होते. यांनी कापड बेतून बेतून उभी केलेली संस्था दुसऱ्याला देऊन नुसतं नाव कुठे ठेवू? म्हटलं, "कर."

तिने माझं नाव पुकारलं. मी हात वर केला. व्यापाऱ्याचा ठराव एका मताने पडला. बायकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. आता कमिटीवर उभी राहा म्हणतात. राहणार आहे.

ताई, तुमच्या भावाचं नाव मी माझ्या तोंडाने कमी केलं. रागवायचं असेल तर घरी नको, दुकानात या. ते आपलंच आहे.

अजून तुमच्याच घरची,
मालन