सातव्या गाथेपाशी

बीरगांव, रायपूर
दि. १६ नोव्हेंबर २०२३

ती. विमलताईस,
धाकट्या कलावतीचा स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाची मशीन पुन्हा बिघडली म्हणून लिहिलंस, वाचून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. तुले ऐकू येत नाही आणि मले बोलता येत नाही, तेव्हा फोन आपल्या काय कामाचा. बरं झालं बाबांनी दोघींनाही शाळेत घातलं.

माझी तब्येत आता ठीक आहे. गळ्याची गाठ काढून सात महिने झाले. आवाजाच्या नसेला धक्का लागू शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तसंच झालं. परवा पुन्हा तपासलं. म्हणाले की आता आहे एवढाच राहील. म्हणजे फुसफुस. कुकरची शिट्टी झाली की माझं बोलणं संपलं.

विहारातली वंदना आता पायल घेते. तुळशीराम मास्तरांची नात, बावीस वर्षांची पोट्टी, कॉलेज करून राहिली. आवाज गोड आहे. मी काही जात नाही, घरी कामं असतात.

लिहायचं कारण वेगळंच. भनपुरीच्या मंडळींनी डिसेंबरात बस केली आहे. सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, बोधगया, अकरा दिवसांचा प्रवास. मले जायचं आहे. यांना विचारलं तर म्हणाले, देवाच्या वाऱ्या आणि नवस सोडून आपण इकडे आलो, आता पुन्हा फेऱ्या माराले काहून जायचं. मी म्हटलं, नवस कोण बोलून राहिलं, मले फक्त ते झाड पाहायचं आहे. तर म्हणाले, झाडं अंगणातही आहेत. चाळीस वर्षांत मी यांच्याशिवाय कुठं गेली नाही, आणि हे यायले तयार नाहीत. रागानं दोन दिवस जेवणापुरतंच बोलली. पण माझं न बोलणं आता कोणाले कळत नाही, तेच वाईट.

मी काय करू ते लिही. नावं या महिनाअखेर द्यायची आहेत.

माया अशीच पाठवत राहा.

तुझी
कलावती

---

पवनी, जि. भंडारा
दि. २३ नोव्हेंबर २०२३

प्रिय कलावती हिस,
विमलताईचा जयभीम आणि डोक्यावरून हात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी आणि दुसऱ्यांदा तू काय लिहिलं नाहीस ते बघण्यासाठी. तेहेतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला मी. मुलं अभ्यास न करण्याची कारणं कशी सांगतात ते मला पाठ आहे. ‘घरी कामं असतात’ हे त्यातलंच एक. दोन माणसांच्या घरात रविवारी सकाळी अशी कोणती कामं निघतात गं? वीस वर्षं वंदना घेणारी बाई विहाराची पायरी चढत नाही, त्याचं खरं कारण मला नाही सांगितलंस तरी चालेल, पण स्वतःला सांग.

आता यात्रेचं. गुलाबरावांचं म्हणणं चुकीचं नाही. काही मागण्यासाठी जाणार असशील तर जाऊच नकोस, तिथे देणारं कोणी बसलेलं नाही. पण एक माणूस घरदार सोडून चालत निघाला, दमला, एका झाडाखाली बसला आणि मनातलं सगळं नीट बघून उठला, ती जागा डोळ्यांनी पाहावीशी वाटली तर त्यात कमीपणा कसला? मी दहा वर्षांपूर्वी जाऊन आले. झाडाखाली बसल्यावर मला माझ्या गुडघ्यांशिवाय काही आठवलं नाही. तरी परत आले ती हलकी होऊन आले. का ते मला सांगता येत नाही.

तेव्हा नाव दे. उत्तरेत धुकं आणि कडाक्याची थंडी असते, दोन स्वेटर घे. आणि गुलाबरावांवर रागावून जाऊ नकोस, सांगून जा. ते जेवणाचं बघतील. रेल्वेचे डबे जोडणारा माणूस आहे, त्याला भात लावता येणार नाही?

प्रेम कमी करू नकोस, पत्रं तर मुळीच नको.

तुझी
विमलताई

---

बीरगांव, रायपूर
दि. १३ डिसेंबर २०२३

आदरणीय विमलताई यांसी,
गुलाबरावाचा सविनय जयभीम वि. वि.

मी पत्र लिहिलं म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. कलावती रविवारी सकाळी बसमध्ये बसली. मी भनपुरीपर्यंत स्कूटरवर सोडून आलो. तिनं खिडकीतून काहीतरी सांगितलं, पण ट्रकांच्या आवाजात मले काही ऐकू आलं नाही. मी नुसतं हव हव म्हटलं. बस गेल्यावर वाटलं, काय म्हणाली ते विचारून घ्यायले पाहिजे होतं.

जेवणाचं चालू आहे. काल तांदळाच्या पिठाचा चिला केला, तो तव्यावरून निघाला नाही, मग खरवडून खाल्ला. घर फार मोठं वाटते. ती घरात असते तेव्हाही आवाज नसतोच, पण तिच्या फुसफुसण्याले कान लावून राहायची सवय झाली आहे. आता कान लावतो तर काहीच नाही.

ताई, तुम्हाले एक सांगतो. तिले सांगितलेलं नाही. मी यात्रेले विरोध केला तो तत्त्वाचा असं ती समजते. तत्त्व आहेच. पण मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आमच्या धाकट्या बहिणीले ताप होता. गोदावरी नाव होतं तिचं. आईनं नवस बोलला होता. तापातच तिले कडेवर घेऊन देवाच्या डोंगरावर पायी निघाली, मी मागून चालत होतो. वाटेतच गोदू गेली. आई त्यानंतर किती वर्षं जगली, पण कशाची आशा म्हणून तिनं पुन्हा केली नाही. पुढे दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव तिनंच नदीत सोडले.

कलावती म्हणते की मी आवाज मागायले जात नाही. पण मले भीती वाटते की मनात कुठंतरी ती मागूनच राहिली आहे. तिथून रिकाम्या हातानं परत आली आणि आईसारखी बसून राहिली तर मी काय करू? आठ महिने मी तिले हसताना पाहिलं नाही. तुम्ही मोठ्या आहात, शिकलेल्या आहात. तिचं पत्र आलं तर कशी आहे ते मले कळवा. फोनवर तिचं मले अर्धंच कळते.

आपली माया या घरावर राहो.

आपला
गुलाबराव

---

पवनी, जि. भंडारा
दि. १६ डिसेंबर २०२३

श्री. गुलाबराव यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. गोदूची गोष्ट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळली. मला लिहिलीत, बरं वाटलं, पण ती मला सांगायची नव्हती. जिला सांगायची ती बुधवारी संध्याकाळी बसमधून उतरेल. चहा झाला की सांगा. ती तुम्हाला हट्टी समजते आणि तुम्ही घाबरलेले आहात, हे तिला माहीत नसणं बरं नाही.

तिचं पत्र अजून आलेलं नाही. चिला करताना तवा आधी चांगला तापवा आणि कांदा अर्धा कापून तेलात बुडवून तव्यावर फिरवा. सुटतो.

तुमची
विमलताई

---

बोधगया
दि. १८ डिसेंबर २०२३

ती. विमलताईस,
कलावतीचा स. जयभीम वि. वि.

धर्मशाळेच्या ओट्यावर उन्हात बसून लिहून राहिली. हे पत्र तुझ्याकडे पोचेल तोवर मी रायपूरले असेन, पण हे आजच लिहायचं आहे. घरी गेल्यावर मी ते गोड करून लिहीन.

तू विचारलं होतंस ना, विहारात काहून जात नाही. ताई, मले पायलचा हेवा वाटत होता. आवाज गेला त्याचं दुःख होतंच, पण ती पोट्टी माझ्या जागेवर बसून वंदना घेते आणि लोक मान डोलावतात, ते मले पाहवत नव्हतं. बसमध्ये यात्रा नेणाऱ्या भावनाबाईंनी जागा वाटल्या तेव्हा नेमकी तीच माझ्या शेजारी आली. अकरा दिवस! पहिले दोन दिवस मी खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. ती बिचारी माझ्यासाठी प्रत्येक ठिकाणी गरम पाणी आणून देत होती.

सारनाथले स्तूपासमोर तिनं वंदना घेतली. एका ठिकाणी तिचा उच्चार चुकला. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. आणि मले आनंद झाला. खोटं नाही लिहीत, चांगला पोटभर आनंद झाला. मग त्याच जागी माझी मले शरम वाटली. पहिला उपदेश जिथं झाला तिथं उभी राहून मी एका लेकराची चूक मोजून राहिली होती. कुशीनगर, लुंबिनी, सगळीकडे ती शरम माझ्यासोबत होती.

काल सकाळी इथं झाडाखाली गेलो. धुकं होतं, देशोदेशीचे लोक बसले होते. सोबत आलेले आपले भंतेजी तापानं धर्मशाळेत पडलेले, म्हणून पायलले पुढं बसवलं. त्रिसरण, पंचशील नीट झालं. मग पालीतलं मोठं सुत्त सुरू केलं आणि सातव्या गाथेपाशी ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच थांबली. आपले अठ्ठावीस जण तिच्या मागून म्हणणारे, पुढचं कोणालेच येत नाही. शेजारचे परदेशी लोकही वळून पाहायले लागले. पायलनं मागं पाहिलं. सरळ माझ्याकडे.

ताई, मी तिसऱ्या रांगेत होती. एक क्षण मी उठली नाही. माझ्या मनात आलं, आता कळू दे सगळ्यांना. तो क्षण फार लांब नव्हता, पण होता. मग मले तिचे हात दिसले. मांडीवर ठेवलेल्या हातांनी ती ओढणीचं टोक पिळून राहिली होती. चौथीतली पोट्टी वर्गासमोर उभी केल्यासारखी दिसत होती. मी उठली. गुडघे धरून लोकांमधून पुढं गेली, तिच्या मागं बसली, पाठीवर हात ठेवला आणि तिच्या कानात सातवी गाथा म्हटली. माझ्या फुसफुसण्याले कानाएवढीच जागा पुरते. तिनं ती मोठ्यानं म्हटली. मग आठवी. अशा शेवटपर्यंत सगळ्या. माझे शब्द तिच्या आवाजात बाहेर पडत होते आणि अठ्ठावीस जण मागून म्हणत होते.

नंतर चहाच्या ठेल्यावर ती हिंदीतच म्हणाली की ती गाथा तिले कधीच येत नव्हती. विहारात ती गाळूनच पुढं जायची, कोणाले कळायचं नाही; झाडाखाली गाळवेना, आणि घाबरून पुढचंही विसरली. शिकायले म्हणून दोनदा आपल्या दारापर्यंत आली होती, दार उघडलं नाही म्हणून परत गेली. मी तिले सांगितलं की दोन्ही वेळा मी तिले खिडकीतून पाहिलं होतं. मग म्हणाली, काकी, मले वाटलं तुम्ही माझ्यावर नाराज आहात. मी म्हटलं, होती. एवढंच बोलणं झालं. मग तिनं माझ्या कपात आपल्या कपातला अर्धा चहा ओतला.

आवाजाचं म्हणशील तर मागायचं नाही म्हणून आली आणि झाडाखाली एकटी बसली तेव्हा मागितलाच. डोळे मिटून एक शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. फुसफुसच निघाली. खूप रडली. रडून झाल्यावर सडकून भूक लागली, चार पुऱ्या खाल्ल्या. आता ते मागणं संपलं असं वाटते.

तुझी सावली आमच्यावर राहू दे.

तुझी
कलावती

---

बीरगांव, रायपूर
दि. १५ जानेवारी २०२४

ती. विमलताईस,
कलावतीचा स. जयभीम वि. वि.

उशिरा लिहून राहिली, रागावू नको. आल्या दिवशीच यांनी चहा दिला आणि गोदूचं सगळं सांगितलं. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हते, स्कूटरच्या किल्लीकडे पाहत होते. मी जवळ सरकून कानात सांगितलं की मी आवाज मागितला, मिळाला नाही, आणि तरी मी आईंसारखी बसणार नाही. यांनी किल्ली खिशात टाकली. मग उठून माझ्यासाठी चिला केला, तो तव्यावरून अख्खा निघाला. तूच शिकवलंस म्हणाले.

आता विहाराचं सांगते. पायल आणि मी मिळून रविवारी लहान पोरांचा वर्ग सुरू केला आहे. काल पहिला दिवस होता. तेरा पोरं आली. मराठी सगळ्यांना कळते, पण उत्तर हिंदीत. पायलले अचानक कॉलेजच्या कामानं यायले उशीर झाला, आणि मी एकटी तेरा पोरांसमोर. ताई, मी इतकी घाबरली की तू हसशील. गोंधळ एवढा की छप्पर उडेल, आणि माझं तोंड हलते पण ऐकू काही जात नाही.

सगळ्यात पुढं एक पाच वर्षांची पोट्टी बसली होती. तिनं विचारलं, आजी, सर्दी हुई है क्या. मी जवळ बोलावून तिच्या कानात सांगितलं की हो, माझी सर्दी जातच नाही. मग बुद्धं सरणं गच्छामि तिच्या कानात म्हटलं. तिले वाटलं असेल की हे असंच म्हणायचं असते. तिनं शेजारच्या पोराच्या कानात तसंच फुसफुसून सांगितलं. त्यानं पुढच्याले. हळूहळू सगळी पोरं गप्प झाली, कारण गप्प झाल्याशिवाय काही ऐकूच येत नव्हतं. शेवटी तेराच्या तेरा पोरं हात जोडून माझ्यासारखीच फुसफुसत वंदना म्हणत होती, एकही शब्द न चुकता.

हे मले घ्यायले आले होते. विहारात काल पहिल्यांदाच आले. आतून काही आवाज नाही म्हणून वर्ग सुटला समजून परत निघाले होते. मग दारातून डोकावले. चप्पल काढली आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन बसले. मी पाहिलं तर यांचे ओठ हलत होते.

उन्हाळ्यात इकडे ये. मशीन दुरुस्त झाली नाही तरी ये.

जीव लावते तसा लावत राहा.

तुझी
कलावती