कॉफीच्या पानामागचा शेंदूर

तात्या, तुमचं ते चिक कॉफीचं झाड आजारी आहे आणि विचारायला तुमच्याशिवाय कोणी नाही. उभ्या ठाण्यात कॉफी पिणारे चार सापडतील, कॉफीचं झाड ओळखणारा एक सापडायचा नाही. म्हणून तुम्ही जाऊन इतकी वर्षं लोटल्यावर ही कागदावरची बडबड.

म्हैसूरकडच्या मळ्यातली कारकुनी सुटून तुम्ही घरी आलात, तो दिवस आठवतो. मळे रोगाने बसले, साहेब विलायतेला गेला आणि तुम्ही काय आणलंत, तर ओल्या गोणपाटात तीन रोपं! आई म्हणाली, "लोक बायकोला लुगडं आणतात हो." तुम्ही हसलात आणि फणसाच्या सावलीत खड्डे खणायला बसलात. तिन्ही सारखीच दिसतात असं मी म्हणालो, तर केवढे उखडलात! "अरे गाढवा, डोळे आहेत की भोकं? कोवळा कोंब बघ. तांबूस कोंब, अरुंद पान, तो चिक. जुना वाण, चवीला सरस, पण नाजूक. रुंद पानांचा दांडगा तो कुर्गी. आणि हा बुटका, इवल्या पानांचा, तो मोका, त्याचं बी वाटाण्यासारखं गोल." खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात ती कधी धड फळली नाहीत, पण जगली. अजून दिसतं मला, आई लोखंडी तव्यावर चिकाचं मूठभर बी भाजते आहे, आणि तुम्ही चुलीशी उकिडवे बसून ओरडताय, "अगं जाळशील, उतरव, उतरव!"

तुमचा धाक एकच. "पानामागे केशरी भुकटी दिसली की दयामाया नको. पानं तोडायची, जाळायची आणि त्या हातांनी दुसऱ्या झाडाला शिवायचं नाही. डोंगरच्या डोंगर उघडे पडलेले पाहिलेत मी."

ती भुकटी यंदा आली. चिकाच्याच पानांमागे. काडेपेटी घेऊन परसात गेलो, तर आई आधीच तिथे, बोट केशरी झालेलं. "अरे, बघ ना, शेंदूर! ह्यांनीच पाठवलाय." तुमच्यामागे कोरं राहिलेलं ते कपाळ, तात्या. "आई, हा रोग..." मी म्हणालो. ती म्हणाली, "ठाऊक आहे रे. मलाही सांगितलं होतं ह्यांनी. असू दे."

तेव्हापासून रोज आंघोळ झाली की ती मागचं दार ओढून घेते, पानामागे बोट फिरवते, कपाळाला लावते, जरा वेळ उभी राहते आणि पदराने पुसून टाकते. मग त्याच हाताने कुर्गीला कुरवाळते, मोक्याला कुरवाळते. रोज ठरवतो, आज पानं तोडायचीच, आणि रोज काडेपेटी तशीच घेऊन परत येतो. चीड येते हो! तुमची, तिची, त्या मेल्या झाडाची. काय करू मी, सांगा ना! कुर्गी निम्मा बोडका झालाय. मोक्याच्या इवल्या पानामागेही आता ठिपका आहे.

काल आई कपाळ पुसायला विसरली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, तेव्हा मी दार अडवून उभा राहिलो आणि त्यांना बाहेरच्या बाहेर बोळवलं.

हा कागद त्या पानांबरोबर जाळायचा, म्हणजे तुम्हाला पोचेल, असं मनात होतं. पण पानं काही माझ्याच्याने जाळवत नाहीत, तेव्हा हाही राहिला. आणि तात्या, रागावू नका, काल आई फार सुंदर दिसत होती.