कोपराखालचा हात

सोमवार, ३ मार्च

आलो एकदाचे! बस वेळेवर मिळाली, हवा मोकळी, आणि खोली अपेक्षेपेक्षा शंभर पटीने चांगली. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला ही बैठी इमारत आहे. हिला सगळे तयारीघर म्हणतात. खांदा आणि कोपर ताळ्यावर आणायला जे सहा आठवड्यांसाठी दाखल होतात, त्यांनी आधी नऊ दिवस इथे राहून तयारी करायची, असा नियम. माझी भरती बुधवारी, बारा तारखेला.

सव्वीस वर्षं मी भिंतींवर अक्षरं रंगवतोय. दुकानांच्या पाट्या, गोदामांच्या भिंती, माणसापेक्षा उंच अक्षरं. जानेवारीत परांचीवरून पडलो आणि उजवा खांदा, कोपर दोन्ही गेले. हाडं जुळली, पण हात काही वर जात नाही. तो गेला पाहिजे. माझं सगळं काम डोक्याच्या वर असतं.

सवयीने आधी भिंती पाहिल्या. मलई रंग, दोन हात, रोलरने मारलेला. कोपऱ्यांत ब्रश फिरवायचा आळस केलाय. गंमत म्हणजे खुंट्या, फळ्या, आरसा, सगळं छातीच्या उंचीवर. तोंड पाहायचं तर वाकावं लागतं. मी हिला म्हटलं, इथे बुटक्यांचं संमेलन भरत असणार. ही हसली नाही. सामान लावत राहिली.

सामानाची तयारी सगळी हिचीच. रुग्णालयाने पाठवलेल्या यादीप्रमाणे पुढून उघडणारे सैल शर्ट, नाडी नसलेले बूट, लांब दांड्याचा कंगवा, हाताखाली घ्यायला छोटी उशी. शर्टांची बटणं काढून तिथे चिकटपट्ट्या तिने स्वतः शिवल्या. यादीत शेवटी लिहिलं होतं, 'घरचं एक माणूस'. त्यापुढेही तिने बरोबरची खूण केली. फॉर्म तर दोन आठवड्यांपूर्वीच भरून पाठवले होते तिने, कारण माझा उजवा हात गळ्यातल्या झोळीत, आणि माझं डाव्या हाताचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून फिरावं तसं. वेळ जावा म्हणून ही वहीही तिनेच आणून दिली.

नशीब लागतं अशी बायको मिळायला. चेष्टा नाही, मनापासून लिहितोय.

मंगळवार, ४ मार्च

कामाला सुरुवात झाली. व्यायाम घेणाऱ्या बाईंना इथे सगळे ताई म्हणतात. मूर्ती लहान, आवाज शाळेच्या घंटेसारखा. आल्या आल्या त्यांनी माझी झोळी सोडवली आणि हिला माझ्या शेजारी बसवलं.

तयारीतला मुख्य भाग म्हणजे 'धरणं'. दिवसातून दोनदा अर्धा तास घरच्या माणसाने रुग्णाचं कोपर खालून धरायचं. अंगठा आतल्या खळग्यात, चार बोटं मागे. ना मालीश, ना ओढाताण. ताई म्हणाल्या, पडलेला हात घाबरलेला असतो. तो डॉक्टरांचं ऐकत नाही, घरच्यांचं ऐकतो. एकदा पकड बसली की पुढचे सहा आठवडे लोण्यासारखे.

मी म्हटलं, लग्नानंतर हिने माझा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. ताई म्हणाल्या, मग आता पुरेपूर धरून घ्या, वहिनी.

हिचं मधलं बोट लहानपणी दारात चेंगरलं होतं. ते किंचित वाकडं आहे. कोपराला ते नेमकं जाणवतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ठणका थांबला. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

बुधवार, ५ मार्च

आज एक मजा झाली. दुपारचं धरणं चालू होतं, मी डोळे मिटून बसलो होतो. डोळे न उघडताच हिला विचारलं, चहा कुठे मिळतो ते पाहिलंस का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. डोळे उघडले तर ही समोर दारातून दोन पेले घेऊन येत होती. म्हणाली, मी जाऊन दहा मिनिटं झाली, तुम्ही छान पडून होतात.

आणि कोपराखाली बोटं होती. वाकडं बोटसुद्धा.

ताईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. पकड बसली म्हणाल्या, तीच खूण असते. इतक्या लवकर फार थोड्यांची बसते. हिची पाठ थोपटली. ही लाजली.

रोजच्या घड्याळाचा पट्टा काढल्यावरही मनगटावर वाटत राहतो, तसंच असेल.

गुरुवार, ६ मार्च

शेजारच्या खोलीत एक पोहण्याचे मास्तर आहेत. सत्तरीचे, छाती अजून दरवाजाएवढी. अर्धं गाव मीच पाण्यात ढकललं, असं सांगतात. सात वर्षांपूर्वी ते इथेच एक हात बरा करून गेले होते. आता दुसऱ्यासाठी आलेत.

सकाळी बाकावर बसलो होतो, तर विचारतात, "काय पेंटर, तुमच्याकडे कोण?" मला वाटलं, सोबत कोण आलंय असं विचारतात. म्हटलं, बायको. ते म्हणाले, माझ्याकडे मुलगी. मी म्हटलं, दिसल्या नाहीत कुठे. तर म्हणाले, ती पाच वर्षांत आली नाही हो. फोनही नाही. पण सोडत नाही.

मग त्यांनी बाही सारून जुना हात पुढे केला. बोट लावून बघा म्हणाले. म्हातारी, सैल कातडी. कोपरामागे चार खड्डे, बोटांनी कणीक दाबल्यासारखे. मी एका खड्ड्यावर बोट ठेवलं. तो सरकला.

मी हसलो. काय करायचं सुचलं नाही म्हणून हसलो. मास्तरही हसले. म्हणाले, बरा झाला हात, जेवतो, बटणं लावतो. फक्त पाण्यात उतरलो की पहिला हात मारायला वर उचलता येत नाही.

दुपारच्या धरण्याला मी हिला म्हटलं, आज राहू दे. तिने ऐकलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

माझा कामातला जोडीदार भेटायला आला. फळं आणली, पिशवी मांडीवरच घेऊन बसला. एरवी बडबड्या माणूस, आज नजर जमिनीवर. ही चहा आणायला गेली तेव्हा एकदम डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, सव्वीस वर्षं एका परांचीवर काढली, निदान मला तरी आधी सांगायचंस.

काय सांगायचं, मी विचारलं.

काम सोडलंस ते, म्हणाला. वहिनी महिन्यापूर्वीच आपल्या दुकानात येऊन सांगून गेल्या. ब्रश वाटून टाका म्हणाल्या. आम्ही वाटले.

माझे ब्रश. दांड्यांवर माझ्या बोटांच्या जागा पडलेल्या.

ही चहा घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, साखर बरोबर आहे ना?

शनिवार, ८ मार्च

विचारलं. म्हणाली, भावोजींचा काहीतरी गैरसमज झाला असेल. हे म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. कोपराकडे पाहत होती.

व्यायामाच्या खोलीत भिंतीवर लाकडी शिडी आहे, बोटांनी चढायची. चाळीस खाचा. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर. आज पहिल्यांदा हात लावला. म्हटलं, आयुष्य शिड्यांवर गेलं, ही काय चीज आहे. एक, दोन, तीन, बोटं सरसर चढली. दुखणं नाही, ताठरपणा नाही. सतराव्या खाचेवर, छातीच्या उंचीवर, थांबली.

खांदा थांबला नव्हता. खांद्याला वर जायचं होतं, मला कळत होतं. कोपर धरलेलं होतं. खालून, घट्ट, कडेवरचं पोर रस्त्यात पळू नये म्हणून धरतात तसं.

खिडकीतून अंगण दिसतं. ही तिथे माझे शर्ट वाळत घालत होती. दोन्ही हात दोरीवर. मी बोटं अठराव्या खाचेकडे रेटली. बाहेर तिचे हात दोरीवरच थांबले. तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

रविवार, ९ मार्च

ताईंची सुटी. त्यांच्या खोलीत फायलींची फळी कमरेच्या उंचीवर, कुणालाही हात पोचेल अशी. माझी काढली.

आत एक कागद आहे. वर छापलंय, 'घरच्यांचं पान'. माणसाचं चित्र, शेजारी शिडी. खाली प्रश्न. हिचं अक्षर मी कुठेही ओळखेन.

हात किती वर जावा अशी घरच्यांची इच्छा आहे? — सतरा.

किती काळ? — कायम.

रुग्णाला कल्पना आहे का? — आहे.

रुग्णाची सही. तिथे माझं नाव, हिच्या अक्षरात. बाजूला बारीक लिहिलंय, हात बांधलेला असल्याने पत्नीने केली.

बटणं काढत होती, चिकटपट्ट्या शिवत होती, मला घास भरवत होती. तेव्हा हे पाठवून झालं होतं.

सोमवार, १० मार्च

कागद तिच्यापुढे ठेवला. नाकारलं नाही. रडलीही नाही. म्हणाली, अहो, मी खाली उभी होते. डबा घेऊन. तुम्ही पडताना माझ्याकडे पाहिलंत. तेव्हापासून डोळे मिटले की तेच दिसतं. हात जेवेल, लिहील, नातवंडं आली तर त्यांना घेईल. वर जाऊन काय मिळणार आहे आणखी?

मी म्हटलं, मला विचारायचंस. ती म्हणाली, विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

ताईंकडे गेलो. शांतपणे म्हणाल्या, भरतीच्या आधी पान बदलता येतं, रुग्णाने स्वतः सही केली की झालं. पेन दिलं. टेबल तर कमरेएवढं. पेन कागदाला टेकवलं आणि कोपर मागे ओढलं गेलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा मागे. कागदावर नुसते ओरखडे. डाव्याने करतो म्हटलं. डाव्याची सही नोंदीत नाही म्हणाल्या. मग घरच्यांनी केली तर चालेल, अशी पुस्ती जोडली.

पकड आता धरण्यापुरती नाही. दिवसभर आहे.

ठीक. डावा आहे ना? या वहीतलंच अक्षर बघतो, पहिल्या पानापेक्षा आजचं सुबक आहे. वर्षभर घोटलं तर भिंतीवर उतरेल. बुधवारी सकाळी भरतीला न जाता सरळ बसने जोडीदाराकडे. डाव्या हाताने रंगवीन. कुणाला सांगायचं नाही.

मंगळवार, ११ मार्च

दुपारी जेवणानंतर डोळा लागला. जागा झालो तर ही माझ्या डाव्या बाजूला बसलेली. रोज उजवीकडे बसते. डावं कोपर तिच्या हातात. कधीपासून, माहीत नाही. उन्हाची तिरीप पलंगावरून भिंतीवर गेली होती.

झटका देऊन हात सोडवला. ती रागावली नाही. म्हणाली, डाव्याने रंगवायचं खूळ कुणी घातलं डोक्यात?

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त इथे लिहिलं—

फळीवर नवा कागद होता. तेच चित्र, तीच शिडी. डाव्या हातावर खूण.

मास्तरांना हाक मारली. दार उघडंच होतं. पलंगावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. म्हणाले, माझ्या सुनेने परवा पान भरलं. चांगली आहे पोर. चिडू नका पेंटर, ओढलं की जास्त रुततं.

बुधवार, १२ मार्च

सकाळचे नऊ. दहाला न्यायला येतील. बसची वेळ गेली. दाराची कडी छातीएवढ्या उंचीवरच आहे, पोचतो हात. पण कडी धरली की उजवं कोपर मागे—

डाव्याने उघडू म्हटलं. डावा अजून मोकळा आहे. मोकळा होता. आता अंगठा लागतोय आतल्या खळग्यात. फक्त अंगठा.

ही समोर बॅग भरते आहे. दोन्ही हात बॅगेत आहेत तिचे. मला स्पष्ट दिसताहेत. शर्ट घडी घालून ठेवते आहे. मऊ आवाजात बोलते आहे. अहो, पुरे आता. वही द्या इकडे.

एक बोट. दुसरं.

ओळ वाकडी जाते आहे. ओढलं की रुततं, खरं आहे.

कुणी वाचलं तर. सही नोंदीत नसेल, पण हात माझा आहे. मी पूर्ण शुद्धीत लिहून देतो की या बाईने माझ्या नावाने जे लिहिलं ते मी लिहिलेलं नाही, मला विचारलेलं नाही, आणि हे मला मान्य ना—