सोप्या भाषेत सांगायचं तर

४ फेब्रुवारी

साहेबांनी पत्रक परत पाठवलं. लाल शाईने नुसतं रक्तबंबाळ!

अल्झायमरच्या नव्या औषधाचं संशोधन रुग्णांच्या घरच्यांना समजेल असं लिहायचं, हे माझं काम. इस्पितळ त्याचाच पगार देतं. मी लिहिलं होतं — ‘या औषधाने मेंदूतल्या प्रथिनांच्या गुठळ्या कमी होतात. पण गेलेलं परत येत नाही. पुढचं जाणं थोडं लांबतं, आणि तेही घरच्यांना जाणवेलच असं नाही.’

पहिलं वाक्य ठेवलं. बाकीच्यावर काट. समासात एकच शब्द — ‘आशादायक’.

आशादायक म्हणजे नेमकं काय, हे मला कोणीतरी सोप्या भाषेत सांगा.

७ फेब्रुवारी

नवऱ्याच्या भागीदाराचा फोन. दोघं मिळून कवळ्या बनवतात, दातांच्या डॉक्टरांसाठी. म्हणाला, “वहिनी, रागावू नका, पण यांनी एकाच माणसाची वरचीच कवळी दोनदा केली. खालची केलीच नाही.” मग स्वतःच हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

त्याला माहीत नाही. लेक सोडून कोणालाच नाही. गेल्या महिन्यात यांचा स्कॅन झाला, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. आमच्याच इस्पितळातले. “तुम्हाला मी वेगळं काय समजावू? रोजचंच आहे तुमचं.” बस्स, एवढंच. जिना चढता चढता निदान!

घरी येऊन यांना सांगितलं, जीवनसत्त्व कमी पडलंय. गोळ्या आणल्या. दुनियेला खरं समजावून सांगणारी बाई मी.

८ फेब्रुवारी

लेक फोनवर — “बाबांना इतक्यात सांगू नकोस हं आई, खचतील.” आणि मी? मी काय लोखंडाची आहे?

१३ फेब्रुवारी

रुग्णांच्या घरच्या मंडळींच्या बैठकीत पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला. साहेबांचा, माझा नव्हे. हिरव्या स्वेटरमधल्या एक बाई, सासूला सांभाळतात, पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या — “म्हणजे त्या मला परत नावाने हाक मारतील ना?”

मी म्हटलं, “डॉक्टरांशी बोला.”

“तुमच्या घरात असतं तर तुम्ही दिलं असतं का हे औषध?”

पुन्हा तेच — “डॉक्टरांशी बोला.” जीभ कशी झडली नाही! काही जणांच्या मेंदूला यानेच सूज येते, रक्तस्रावही होतो — ते शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

१७ फेब्रुवारी

छापून आलं. गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर म्हातारं जोडपं बाकावर बसून खिदळतंय. कशाला एवढं हसतायत?

२१ फेब्रुवारी

आज सभागृहात पत्रकाचं प्रकाशन झालं.

साहेब पडद्यावर आलेख दाखवत होते, लोक माना डोलावत होते. मागे बघते तर शेवटच्या रांगेत हे! हातात पत्रक. भागीदाराने लवकर घरी पाठवलं म्हणून मला न्यायला आले होते.

प्रश्न विचारा म्हटल्यावर यांचाच हात वर.

“डॉक्टर, यात सगळीकडे ‘तुमचा रुग्ण’, ‘तुमच्या रुग्णाला’ असं आहे. ज्याला झालंय त्याने काय वाचायचं?”

साहेब गोड हसले. “रुग्णाला शक्यतो त्रास नको, म्हणून आपण—”

“पण आजार त्याचा आहे ना?”

कोणीतरी मागे खुदकन हसलं. हे अगदी शांत. कवळी बसते का बघताना असतात तसे. “आणि गेलेलं परत येतं का, ते यात कुठेच सापडलं नाही. दोनदा वाचलं. मला नीट कळत नसेल, तर सोपं करून सांगा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे — सांभाळून घ्या. इतकी वर्षं सांभाळूनच घेतलंय!

मी उठले. माईक घेतला. यांच्याकडे बघत म्हटलं, “येत नाही. पुढचं जाणं थोडं लांबतं, तेही जाणवेलच असं नाही. आणि धोका आहे.”

हिरव्या स्वेटरमधल्या बाईंनी पत्रकाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि डोळे पुसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. जाताना हात दाबून गेल्या.

साहेब मात्र कानाशी येऊन — “उद्या केबिनमध्ये या.”



२२ फेब्रुवारी

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. “लोकांची उमेद मारलीत तुम्ही.” मी म्हटलं, “मग तुम्हीच लिहा सोप्या भाषेत.” बहुतेक नोकरी गेली. जाऊ दे मसणात.

२३ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना सगळं सांगून टाकलं. स्कॅन, जिना, माझं खोटं — सगळं. रडले.

हे म्हणाले, “मला माहीत आहे गं. मी गेल्या महिन्यातच एकटा जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना विचारून आलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू दिवसभर हेच लिहीत असतेस. म्हटलं, घरीही कशाला!”