सातवं पिंप

तीर्थरूप दाजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, ताईची साखर आणि गोठ्यातल्या म्हशी ठीक आहेत असं धरून चालतो. इकडे माझ्या गॅसची ज्योत एकदाची पेटली. उंची दोन बोटं. तिची खरी किंमत: माझी डावी भुवई, बेकरीवाल्याचा नऊ पोती शिळा पाव आणि शेजारच्या शिंपीणबाईंशी असलेली बोलचाल (त्या आता वासापायी खिडकी लावून शिव्या देतात, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत).

मागे तुम्ही सांगितलंत, की बंद पिंपात शेण-खरकटं कुजलं की डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचा गॅस करतात. हातगाडीवर इस्त्री करत वर आलेला माणूस मी; फुकट राबणारे कामगार मिळतात म्हटल्यावर गप्प कसा बसेन? मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाईंना सांगूनही आलो, की आमच्या लाँड्रीची सगळी इस्त्री जिवाणूंच्या जोरावर चालते. बाई खूश. महिनाअखेरीला स्वतः बघायला येणार. पटलं तर रोजच्या दोनशे चादरी आपल्या. नाहीतर त्या नाक्यावरच्या मशीनवाल्याकडे जाणार, आणि माझ्या दोन इस्त्रीवाल्यांना घरी बसावं लागणार.

पिंप मागच्या अंगणात होतं. रोज सकाळी त्याला कान लावायचो. आत भरपेट जेवलेल्या सासरेबुवांसारखी गुडगुड. (बायको म्हणाली, "इतकं कान देऊन माझं कधी ऐकलं असतंत तर." मी तेही नीट ऐकलं नाही.) परवाच्या शुक्रवारी, बाईंना दारातूनच दिसावं म्हणून, ते उचलून धुण्याच्या सहा पिंपांच्या ओळीत आणून बसवलं. रविवारी कान लावला तर आत चिडीचूप.

मी सगळ्यांना उभं करून चौकशी केली. कोणी काय ओतलं? सगळे छताकडे बघत राहिले. दुपारी कपड्यांच्या ढिगामागून ऐकू आलं, आमचा जुना इस्त्रीवाला बायकोला सांगत होता, "वहिनी, त्यांना कोण सांगणार? शनिवारी दुकान बंद करताना मालक दर पिंपात एकेक मग ब्लीच ओततात. सहा झाली, हात थांबलाच नाही." बायकोने हसण्यासाठी गरम इस्त्री खाली ठेवली, यावरून काय ते समजा. तीस वर्षं जंतू मारून पोट भरलं, दाजी. हाताला काय कळतं, हे पाळलेले आहेत ते?

बाकी सर्व झकास.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमच्या गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीतला चालू, जिवंत शेणकाला दोन कॅन भरून गुरुवारपर्यंत घेऊन या. दह्याला विरजण लागतं, तसंच हे. पिंप रिकामं करून नुसत्या पाण्याने विसळून ठेवलंय (साबण लावला नाही, शपथ). बसमध्ये कोणी विचारलं तर कामगार आहेत म्हणा.

ता. क. २. आमचे तज्ज्ञ परगावाहून येतात, असं मी बाईंना सांगितलंय. कोट घालून या.

ता. क. ३. त्या ज्योतीवर आजवर एक रुमाल इस्त्री झाला. एका बाजूने.