आमची पहिली ईद, त्यांची दुसरी

बुरैमी,
सोमवार, ईदचा तिसरा दिवस
(हा आपल्या बाजूचा हिशेब. माझ्या गच्चीवरून जी घरं दिसतात तिथे आज चौथा आहे.)

वडीलधाऱ्या सरहानमामांना मुहन्नाचा सलाम, आणि तुमच्या कपाळाला इथूनच आदराचं चुंबन.

मामा, तुमची तब्येत कशी आहे? गुडघे डोंगर चढू देतात का? मामींचा खोकला, डाळिंबाची झाडं, ती शिंगं मारणारी काळी शेळी, सगळी मंडळी खुशाल असतील अशी आशा करतो. आमच्याकडचं विचाराल तर आम्हीही खुशाल आहोत. म्हणजे असू. गेले चार दिवस मला कुणी काहीही विचारलं तरी आधी ‘कुठल्या बाजूने विचारताय?’ असं तोंडात येतं. काल झुवैनाने (माझी बायको, तुमची भाचेसून, जिची जीभ तुम्हाला ठाऊकच आहे) विचारलं, चहात साखर घालू का, तर मी तेच म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे पत्र लिहायला निवांत वेळ मिळाला आहे.

हे सगळं सुरू झालं तुमच्यापासून. रागावू नका, पण आहे ते आहे. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे तुमच्या गावच्या पडक्या बुरुजावर चढलात, चंद्र शोधलात, आणि खाली येऊन ‘दिसला नाही’ असं सांगितलंत. (देशभर आणखी पुष्कळ माणसं, दुर्बिणी आणि जाणकार असतात हे मला माहीत आहे. पण आपल्या घराण्यात चंद्र तुम्हीच बघता, आणि तुम्हाला दिसला नाही तर तो उगवलाच नाही असं आम्ही लहानपणापासून मानत आलो.) इथे मी गच्चीवर उभा. सीमेच्या कुंपणापलीकडे, शेजारच्या देशातल्या अल ऐनमध्ये एकाएकी फटाके सुरू झाले, पोरं ओरडायला लागली. त्यांना दिसला होता! तोच चंद्र, तेच आकाश, मध्ये फक्त तारांचं कुंपण, आणि ते काही एवढं उंच नाही.

त्यात खिशातला फोन वाजला. आमच्या घराची गंमत तुम्हाला माहीत आहे. दिवाणखान्यात फोनला आपल्या देशाचा मनोरा सापडतो आणि स्वयंपाकघरात त्यांच्या. फोनच्या मते झुवैना रोज परदेशात जाऊन भात शिजवते. गच्चीवर तर दोन पावलांवर देश बदलतो. तर त्यांच्या कंपनीने मला ईदच्या शुभेच्छा पाठवल्या. मी आनंदाने गल्लीत उतरलो आणि ‘ईद! उद्या ईद!’ करत थेट गल्लीच्या भट्टीपाशी जाऊन लाकडं पेटवायला लागलो. तेवढ्यात भट्टी सांभाळणारा आमचा शेजारी खमीस धावत आला. म्हणाला, “मुहन्नाभाई, विझवा ते. आपला रोजा आहे उद्या. तुम्ही काय कुंपणावरून उडी मारून आलात का?” सगळी गल्ली हसली. मी म्हणालो, लाकडं ओली आहेत का ते बघत होतो.

शुक्रवारचा तो रोजा मी जन्मात विसरणार नाही. आपण उपाशी, आणि वारा नेमका तिकडून इकडे. सकाळपासून त्यांच्या तळलेल्या मांसाचा वास आमच्या अंगणात येऊन बसला. दूरदूरच्या ओळखीच्यांचे फोन येत होते, ईद मुबारक म्हणून. याला उपाशी माणसाने काय उत्तर द्यायचं? मी काहींना ‘तुम्हालाही’ म्हणालो, काहींना ‘उद्या म्हणतो’ म्हणालो, आणि एकाला चुकून ‘सांत्वन करतो’ म्हणालो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या रय्याला मागणी आली आहे. मुलगा घैस, खजुरीच्या बागांच्या पाण्याची व्यवस्था बघतो, सभ्य आहे, बोलतो कमी. त्याचे वडील बुत्ती म्हणजे माझ्या वडिलांचे शेजारी, अगदी भिंतीला भिंत. कुंपण नव्हतं तेव्हा एकाच पाटाचं पाणी त्यांच्या आणि आमच्या बागेत यायचं, आणि त्यांच्या घरी जायला मला पायात चपला घालायचीही आठवण राहत नसे. मग कुंपण आलं. भिंतीतलं अंतर तेवढंच राहिलं, पण आता गाडी काढायची, ओळखपत्रं घ्यायची, शहराला वळसा घालायचा, चौकीच्या रांगेत उभं राहायचं. गच्चीवरून मला त्यांच्या दोरीवरचे कपडे मोजता येतात, आणि सणासुदीच्या दिवशी तिथे पोचायला मात्र अर्धी सकाळ जाते. (एकदा मी गच्चीवरून ओरडून बुत्तींची ख्यालीखुशाली विचारली. त्यांनीही ओरडून उत्तर दिलं. दोन्हीकडचे शिपाई बाहेर येऊन आमच्याकडे बघायला लागले.)

तर रमझानच्या मध्यात फोनवर ठरलं की बुत्ती मंडळी रीतसर मागणी घालायला येतील. कधी? ‘ईदच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर.’ दोन्हीकडून छान म्हटलं, फोन ठेवला. मामा, ज्या गावात शुक्रवारी आमचं दुकान बंद आणि रविवारी त्यांचं, जिथे दुकानाच्या गल्ल्यात दोन राजांचे पैसे एकमेकांना चिकटून पडलेले असतात, त्या गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना एकमेकांना ‘कुणाची ईद?’ असं विचारावंसं वाटलं नाही. परगावचा माणूस असता तर त्याने विचारलं असतं.

शनिवार. आपली ईद. नमाज झाला, गळाभेटी झाल्या, आणि दुपारी मी जुना गंजीफ्रॉक घालून शुव्याचं मांस जमिनीतल्या भट्टीत पुरायला गेलो. (मामा, मसाला यंदा झुवैनाने स्वतः कुटला होता, लसूण जरा जास्त.) खजुरीच्या पात्यांच्या पिशव्यांत सगळ्या गल्लीचं मांस, ज्याने त्याने आपली खूण बांधलेली, आमची निळी तार. पिशव्या निखाऱ्यांवर टाकल्या, वर झाकण, झाकणावर चिखल. आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांना उद्या गरमागरम शुवा वाढायचा, ही माझी योजना. कोपरापर्यंत चिखल, तोंडाला काजळी, अशा अवस्थेत घराकडे आलो, तर दारात तीन पांढऱ्या गाड्या. एक तरणाबांड मुलगा, कडक इस्त्रीचा अंगरखा, अत्तराचा घमघमाट. त्याने मला अदबीने विचारलं, “काका, मुहन्नासाहेब घरात आहेत का?”

मी म्हणालो, “बघून सांगतो.”

का म्हणालो ते मला विचारू नका. मागच्या दाराने आत गेलो. झुवैनाने मला बघून कपाळावर हात मारला. “त्यांची दुसरी का आपली दुसरी, एवढं विचारलं असतं तर जीभ झडली असती का तुमची? घरात ना धड मांस ना भात, आणि नवरा म्हणजे चुलीतून काढलेला!” मी अंग धुतलं, नवा अंगरखा चढवला आणि पुढच्या दाराने जाऊन म्हणालो, या या, मुहन्ना मीच. घैस माझ्याकडे बघतच राहिला. बिचाऱ्याने त्यानंतर परत जाईपर्यंत आमच्या घरातल्या प्रत्येक नोकरमाणसाला वाकून सलाम केला.

मंडळी बसली. हलवा आला (हलव्याचं दुकान आपलंच, त्याची चिंता नव्हती), खजूर आले, कॉफी आली. बुत्तींनी पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. तुम्हाला रीत माहीतच आहे. “मुहन्ना,” ते म्हणाले, “आम्ही तुझी रय्या आमच्या घैससाठी मागायला आलोय. तू हो म्हण, मग मी कॉफी पितो.” सगळे माझ्याकडे बघताहेत. एक शब्द बोलायचा होता. रय्याला मुलगा पसंत, झुवैनाला पसंत, मला पसंत. आणि मामा, तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

म्हणून मी चंद्राबद्दल बोलायला लागलो. मग भट्टीबद्दल. मग चौकीवरच्या रांगेबद्दल, नव्या रस्त्याबद्दल, लसणाच्या भावाबद्दल. बुत्तींची कॉफी गार होत होती. पडद्यामागून झुवैना खोकली. मी उन्हाळ्याबद्दल बोलायला लागलो. शेवटी बुत्ती म्हणाले, “अरे, काय ते सांग ना. मुलात खोट आहे का?”

मग मी सांगितलंच. म्हणालो, मुलात काही खोट नाही. पण लग्न झालेली मुलगी ईदच्या पहिल्या दिवशी सासरी असते, आणि तशीच असायला हवी. ईदच्या सकाळी माझ्या घरी अरसिया घोटायला रय्या बसते, लहान होती तेव्हापासून. भाताचा तो चिकट गोळा, सगळा हात दुखून येतो, आणि ती मध्येमध्ये बोटाने चाखत असते. पुढच्या ईदला ती घोटत असेल तुमच्या अंगणात, आणि मला ते गच्चीवरून दिसेल. दिसणारच नसतं तर बरं झालं असतं. एवढं बोलून मला रडू आलं. पाहुण्यांसमोर, मामा. घैस खाली बघायला लागला. बुत्तींनी स्वतः दोन मुली दूर दिल्या आहेत.

तेवढ्यात रय्या पडद्याआडून आली, माझ्या शेजारी बसली, आणि माझ्या कानात एक वाक्य बोलली. मी डोळे पुसले, ताडकन उठलो आणि म्हणालो, “कबूल! कॉफी घ्या, बुत्तीभाई, कॉफी घ्या!” त्यांनी ती गार कॉफी एका दमात घेतली. बायकांनी आतून असा गजर केला की खमीस चिखलाचे हात घेऊन पळत आला, त्याला वाटलं भट्टीचं झाकण फुटलं.

पुढचं थोडक्यात. बुत्ती म्हणाले, कुंपण आल्यापासून या भट्टीचा शुवा मी चाखलेला नाही, आता तो खाल्ल्याशिवाय हलणार नाही. सगळे मुक्कामाला राहिले. रविवारी सगळ्या गल्लीसमोर भट्टी उघडली, पिशव्या वर आल्या, पण आगीत अर्ध्या खुणा जळालेल्या. मी आपली समजून एक पिशवी घरी आणली. बुत्तींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “झुवैनाबाई,” ते म्हणाले, “असा मसाला माझ्या आईनंतर कुणाला जमला नाही.” झुवैनाने एक घास घेतला, आणि मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं की त्यात लसूण जास्त नाही. ती पिशवी खमीसच्या बायकोची होती. आमची पिशवी खमीसच्या घरी गेली होती आणि तिथे पाहुण्यांनी भरपूर पाणी मागितलं, असं ऐकतो. झुवैना गप्प आहे ती फक्त साखरेमुळे नव्हे.

तर असा सगळा गोंधळ, आणि तो त्या एका संध्याकाळच्या चंद्राचा. पुढच्या वर्षी जरा लवकर बुरुजावर चढा आणि नीट बघून घ्या, म्हणजे दोन्हीकडे एकच ईद होईल आणि आम्हा सीमेवरच्या लोकांचं डोकं ठिकाणावर राहील. मामींना सलाम, काळ्या शेळीपासून जपा.

तुमचा भाचा,
मुहन्ना

ता. क. लग्न थंडीत करायचं ठरलं आहे. तारीख या वेळी इंग्रजी महिन्याची धरली आहे, आणि दोघांनीही ती तीन-तीनदा म्हणून दाखवली.

ता. क. दुसरा. रय्या कानात काय म्हणाली ते लिहायचं राहिलं. ती म्हणाली, “बाबा, आज यांची ईद होऊन गेलीय आणि तरी हे सगळे आपल्याकडे ईदला आलेत. मीही अशीच येईन.” म्हणजे बघा मामा, पहिला दिवस त्यांच्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पहिल्या दिवसाला पोर माझ्या अंगणात. त्यांचीही रीत मोडत नाही आणि माझी अरसियाही घोटून होते.

ता. क. तिसरा. झुवैना आत्ता खांद्यावरून वाचत होती (बोलायला लागली आहे). ती म्हणाली, “पण ज्या वर्षी चंद्र दोन्हीकडे एकदम दिसेल त्या वर्षी काय?” ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा वर ‘नीट बघून घ्या’ वगैरे जे लिहिलं आहे ते खोडलं असं समजा. मामा, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही, तोबा तोबा. दिसला तर दिसला म्हणा. पण आईकडून कळलं की तुम्ही यंदा दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेणार आहात. या वयात कशाला एवढी घाई करता?