पहिल्या मानाचं वस्त्र

२ मार्च

कुंभकोणम. आलो परत. मामाकडेच—दुसरं कोण ठेवून घेतंय! सोमसुंदरम मामानं दारातच पकडलं. "उटीला काय करत होतास?" "चहाच्या मळ्यात होतो." "आणि त्याआधी?" "बसवर क्लीनर." "आणि त्याच्याही आधी?" मामी कॉफी घेऊन मध्ये आली म्हणून वाचलो. कॉफी मात्र इथलीच! उटीला गढूळ पाणी प्यायचो.

३ मार्च

घरात एकच विषय—रथ. रथ हलायच्या आधी पुजारी देवाच्या अंगावरचं वस्त्र एका माणसाच्या डोक्याला बांधतो. हा पहिला मान. दक्षिण गल्ली म्हणते आमचा, म्हणजे मामाचा. उत्तर गल्ली म्हणते आमचा, म्हणजे तेलघाणीवाल्या चोक्कलिंगमचा. गेल्या साली या भांडणापायी देव भर उन्हात ताटकळला. शेवटी रथ पोलिसांनी ओढला!

यंदा मामाला हरून चालणार नाही. कुयिलीला, म्हणजे त्याच्या मुलीला, मन्नारगुडीचं स्थळ आलंय. मुलाचा बाप रथ बघायला येणार. त्यानं सांगूनच टाकलंय—पहिला मान ज्या घरात, त्याच घरची मुलगी करणार.

कुयिलीला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. म्हणाली, "मुलगा चांगला आहे रे कदिर. फोनवर बोलतो आम्ही. बापाला सून नकोय, वस्त्र हवंय."

५ मार्च

मामानं विड्याची पानं आणायला पाठवलं. वाटेत देवळातल्या हत्तिणीचं कपाळ रंगवत होते. दुपार तिथेच गेली. पानं राहिली.

७ मार्च

शांतता समितीची बैठक. दोनदा हाणामारी झाली, मग शांततेनं ठरलं—रथाच्या दोरापाशी उजव्या हाताला जो उभा असेल, त्याला वस्त्र. माणूस बघायचा नाही, जागा बघायची. पुजारी वैतागून म्हणाला, "मी डोळे मिटूनच बांधतो. मग तरी मला शिव्या घालू नका!" मला वाटलं, थट्टा करतोय.

९ मार्च

आज रथ निघाला.

अंधार होता तेव्हाच मामानं मला त्या जागेवर नेऊन उभं केलं. "मी अंघोळ करून, रेशमी वेष्टी नेसून येतो. तोवर जागा धर. हललास तर तंगडी मोडीन!" चोक्कलिंगमच्या माणसांनी कोपरं मारली. शेजारी एकजण गरम सुंडल विकत होता—खोबरं घातलेले उकडलेले हरभरे. तरी हललो नाही! जन्मात पहिल्यांदा एके जागी टिकलो.

नगारे वाजले. पुजारी आला—डोळे खरंच मिटलेले—आणि बांधलं की वस्त्र. माझ्या डोक्याला!

मामा गर्दीच्या पार मागे अडकलेला. एका हातानं वेष्टी सावरतोय, दुसरा हात वर. "अहो तो नव्हे! मी! मी!" पण एकदा बांधलेलं वस्त्र रथ फिरून परत जागेवर येईपर्यंत सोडत नाहीत. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, "याच्या आज्यालाही होता मान. मी स्वतः पाहिलाय." माझा आजा वेदारण्यमला बैलगाडीवरून मीठ विकायचा!

मन्नारगुडीच्या बापानं मला न्याहाळलं. मामाला विचारलं, "हा कोण?"

"भाचा आहे."

"म्हणजे मान बहिणीच्या घरात गेला की! मग तुमच्याकडे काय उरलं?" आणि लगेच माझ्याकडे वळून, "लग्न झालंय का हो तुमचं? माझी धाकटी आहे."

अहो! मला!

१० मार्च

स्थळ मोडलं. कुयिली जेवली नाही. मामा माझ्याशी बोलत नाही, मामीकरवी शिव्या पोचवतो.

संध्याकाळी चोक्कलिंगम आला. या घराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता. वाटलं, मामाला हसायला आला असेल. तर दोघं पान लावत बसले!

"सोमसुंदरम, हे पोर ना तुमच्या गल्लीतलं, ना आमच्या."

"तेच म्हणतोय मी! फिरस्ता मेला."

इतक्या वर्षांची दुश्मनी मिटली. आता दोघं मिळून माझ्याविरुद्ध कोर्टात जाणार आहेत. मामीनं दोघांना कॉफी दिली. मला नाही.

१२ मार्च

कुयिली गेली. मन्नारगुडीच्या मुलाबरोबर. तिनं फोन केला आणि तो बापाला न सांगता पहाटेच्या गाडीनं आला. तिची पेटी मीच वाहिली स्टेशनपर्यंत. उत्तर गल्लीतून—तिकडून जवळ पडतं.

मामी रडतेय. मामा ओट्यावर भिंतीला टेकून. रथापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"कोणत्या गल्लीतून गेली?"

"आपल्या," मी म्हणालो.

तेव्हा कुठे पाणी प्याला.